आकाराम लांगरीनं नांगरलेलं मैदान

पलटणीत जो सैपाक करतो त्याला लांगरी म्हणतात. आष्ट्याजवळच्या आकारामाच्या गावातून निम्म्या घरांनी लढाईवर माणूस धाडला होता. कुणी नाईक होऊन आला, कुणी हवालदार, कुणी आलाच नाही. आकाराम लढाईभर चपात्या लाटून धडधाकट परत आला. त्याची बायको चंद्राबाई पाणवठ्यावर चारचौघींत म्हणायची, "आमच्यांनी बंदूक न्हाई, लाटणं चालीवलं." आकारामाच्या कानावर ते जायचं आणि तो हसायचा. खोटं काय होतं त्यात?

पण पलटणीतून त्यानं एक वेड आणलं होतं, हॉकीचं. स्वतः त्यानं काठी कधी हातात धरली नव्हती. संध्याकाळी पलटणीचा संघ खेळायला उतरला की याच्या हाताखाली कणकेचा डोंगर असायचा. भटारखान्याच्या दारातून जेवढं दिसेल तेवढं तो बघायचा: धुरळा, पळणारे पाय आणि मधूनच उठणारा गलका. तेवढ्यावर तो खुळा झाला. माणसाला खुळं व्हायला फार काही लागत नाही.

लढाई संपली आणि सांगलीतल्या एका तेलगिरणीच्या मालकाला हौस सुटली. बाकीचे पैसेवाले पैलवान पोसत, यानं हॉकीचा संघ पोसला. पलटणीतून सुटून आलेले गडी पगारावर ठेवले. नाव गिरणीचं, काम खेळायचं. त्यांचा कप्तान मानसिंग हा आकारामाच्याच पलटणीतला. आकारामानं त्याला वर्षानुवर्षं ताट भरभरून वाढलेलं. म्हणजे संघ घरचाच झाला की!

आणि हा घरचा संघ हरत सुटला. मिरजेला हरला, साताऱ्याला हरला, पार पाचगणीला जाऊन गारठून हरला. आकारामाचं डोकं चालेना. हेच गडी पलटणीत वाघ होते. मग इथं पगार घेऊन, दूधतूप खाऊन शेळ्या कशा झाल्या? आधी त्याला वाटलं, दृष्ट लागली. त्यानं गोलाच्या खांबाला लिंबू आणि बिब्बा बांधला. त्या दिवशी संघ नेहमीपेक्षा जास्त हरला. मग वाटलं, खुराक कमी पडतो. त्यानं घरचं तूप नेऊन दिलं. दोघांची पोटं बिघडली आणि तीही मॅच गेली. चंद्राबाई म्हणाली, "आवं, त्यास्नी तुमच्यापास्नं वाचीवलं तर जिंकत्याल त्ये."

गुळाची गाडी घेऊन सांगलीला गेला की आकाराम बैल बाभळीखाली सोडायचा आणि कुंपणाच्या तारेबाहेर उकिडवा बसून सराव बघायचा. असाच एकदा बसला असताना एक गडी धावता धावता आपटला आणि त्याचा गुडघा सोलून निघाला. आकारामानं तारेतून हात घालून जमीन चाचपली. दगडासारखी. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पडायच्या भ्यानं पोरं मोकळी खेळत नाहीत! मालकाला चार गाड्या तांबडी माती टाकायला काय धाड भरली होती? त्याच्या गावात पोरगंसुद्धा कुस्तीला उतरायचं तर आधी हौदा खणतात, माती चाळतात, तिच्यात ताक, तेल, हळद घालतात. खेळ म्हटला की माती, आणि माती म्हटली की लोण्यासारखी मऊ. आकाराम जन्मल्यापासून हेच बघत आला होता.

संक्रांतीनंतर मात्र संघाला लय सापडायला लागली. चेंडू या काठीवरून त्या काठीवर बिनबोभाट जायला लागला. लागोपाठ दोन मॅचा जिंकल्या. आकाराम आनंदानं वेडा व्हायचा बाकी राहिला. पण मालकाची हौस तोवर आटत आली होती. त्यानं मानसिंगला सांगून टाकलं, पुढची मॅच मी स्वतः बघणार. जिंकलात तर संघ राहील, नाहीतर काठ्या कोठारात.

हे कळलं तसा आकाराम गावच्या पंचांपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, ही मॅच आपल्या जत्रेत घ्या. जत्रेचं सगळं केरबा पंच बघायचा. तो म्हणाला, "जत्रंत कुस्त्या आस्त्यात रं. काठ्यांचा खेळ कोन बघनार?"

"कुस्त्यांच्या आदी घ्या. माजी पोरं हायती ती. इथं ती हरायची न्हाईत, माजा सबूद हाय."

लांगरीचा शब्द! पण तो इतका काकुळतीला आला होता की केरबा हो म्हणाला. लोणंदच्या बाजारातल्या हमालांचा एक संघ होता, त्याला बोलावणं गेलं. मानसिंग जागा बघायला आला. गावाबाहेरचा मुरमाड माळ होता, गुरांनी तुडवून तुडवून फरशीसारखा झालेला. मानसिंगनं टाच आपटली, एक चेंडू लांबवर सोडला, तो सरळ रेघेत गेलेला बघितला आणि हसला. "आसलं मैदान पलटनीतबी न्हवतं, लांगरी. हितं आमी जिंकलोच."

आकारामाला भडभडून आलं. किती समजूतदार माणूस! पाहुणा कोरड्या भाकरीलाही गोडच म्हणतो.

मानसिंगची पाठ वळली आणि आकारामानं माळावर नांगर घातला. गावानं आधी त्याला वेड्यात काढलं, मग हळूहळू सगळं गाव हाताशी आलं. पाहुण्यांचे गुडघे फुटू नयेत, एवढं कळायला हॉकी कळावी लागत नाही. कुळव फिरला. डोंगराकडची तांबडी माती गाड्या भरभरून आली. बायकांनी ढेकळं हातानं फोडली. घराघरातून ताकाची मडकी आली, हळद आली. जत्रेच्या दिवशी मैदान असं दिसत होतं की केरबानं पायताण काढून माती कपाळाला लावली.

दुपारी सांगलीची लॉरी आली. मागून मालकाची मोटार आली. मानसिंग खाली उतरला, मैदानात पाऊल टाकलं आणि घोट्यापर्यंत रुतला. बराच वेळ तो पायाकडंच बघत राहिला.

"लांगरी," तो हळूच म्हणाला, "गावात दगडी रूळ हाय का रं?"

"रूळ कशाला? येक ढेकूळ गावायचं न्हाई तुमाला. आमच्या चंद्रीनंबी फोडल्यात."

चंद्राबाई तिथंच उभी होती. तिचे हात हळदीच्या मातीनं पिवळे झालेले. मानसिंगनं तिच्याकडं बघितलं, भोवती दाटीनं उभ्या असलेल्या गावाकडं बघितलं, आणि गड्यांना काठ्या उतरवायला सांगितलं. खेळायला नाही म्हणणं त्याच्या हातात होतं. तो तसं म्हणाला नाही.

खेळ सुरू झाला. मानसिंगनं चेंडू मारला आणि तो वीतभर जाऊन मातीत बसला, अंड्यावर कोंबडी बसावी तसा. सांगलीच्या गड्यांचा सगळा जीव त्या बिनबोभाट जाणाऱ्या चेंडूत होता, आणि चेंडू तर जाईना. लोणंदच्या हमालांना कसलीच नजाकत ठाऊक नव्हती. ते पाच-सहा जण मिळून चेंडूवर पडायचे आणि मातीसकट तो पुढं उपसत न्यायचे, पोती ओढल्यासारखा. त्यांनी एक गोल उपसला, मग दुसरा. लोक खूश. माणसं पडत होती, उठत होती, कुणाला खरचटत नव्हतं. जवळजवळ कुस्तीच की!

आकाराम कडेला उभा राहून नुसता बघत होता. त्याला काही म्हणता काही कळेना. आता तर पडायचं भ्या नव्हतं. मग पोरं मोकळी का खेळत नाहीत? मानसिंगची काठी अशी जड का झाली? त्यानं देवाला हात जोडले, मग देवावरच चिडला. "आता आनखी काय करू रं?" असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि शेजारच्या माणसाला वाटलं आपल्याला विचारलं.

तिसरा गोल झाला आणि खेळ संपला. आकाराम पाण्याची घागर आणायला धावला, तेवढ्यात मालक मानसिंगला 'काठ्या कोठारात' एवढंच सांगून मोटारीत बसून गेला. घागर घेऊन आकाराम आला तेव्हा सगळे गडी माना खाली घालून लॉरीच्या सावलीत बसले होते.

"काय चुकलं रं पोरानु?" त्यानं घागर खाली ठेवली. "दृष्ट न्हवती, खुराक व्हता, मैदान आसं केलं. मला तर उमजंनाच."

"ह्या तुज्या मातीनं..." एक गडी उसळून उठला. मानसिंगनं त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं.

"डाव बसला न्हाई, लांगरी," मानसिंग म्हणाला. "कवा बसतो, कवा न्हाई. पर येक सांगतो. आमी येवढ्या ठिकानी खेळलो, आमच्या गुडघ्यांसाटी कुनी आजपातूर जमीन नांगरली न्हवती."

आकारामाला रडू फुटलं. चारचौघांत बाप्यानं रडू नये, पण तो रडला. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मैदानाकडं बघत विचार करायला लागला. बघता बघता त्याचा चेहरा उजळला.

"खाली कडकच ऱ्हायली आसंल," तो म्हणाला. "नांगर वरवर लागला, त्येच चुकलं. पुढच्या जत्रंला तुमी हितंच या. आनखी हातभर खोल नांगरून ठेवतो."

मानसिंगनं काठीला चिकटलेली माती अंगठ्यानं खरवडून काढली.

"व्हय," तो म्हणाला. "हातभर तरी नांगर."