सुतार जूननंतर खेळलाच नाही

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर मी दारात बूट काढत असतानाच ओळखते, आज ऑफिसात काय झालं ते. हे मात्र तिला ओळखता आलेलं नाही. कारण यातलं जवळजवळ सगळं मी फोनवर बोललो, ट्रेनच्या खिडकीकडे तोंड करून, सकाळी सकाळी. फक्त एक वाक्य समोर बसून बोललो. त्या वाक्यापर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. लागू द्या.

सुरुवात बेसबॉलपासून करावी लागेल. हसू नका. इंग्लंडात मेडनहेडला राहणारा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला आणि बेसबॉल — मलाही हसू यायचं. वर्क व्हिसावर नवा नवा आलो तेव्हा पहिलं वर्ष मी लंडनच्या पिनर भागात करमरकर काकांच्या घरी वरच्या खोलीत राहिलो. काका नागपूरचे. तरुणपणी तीन वर्षं अमेरिकेत, एका मोठ्या तळ्याकाठच्या शहरात इंजिनिअर होते. तिथून इंग्लंडला येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या — एक लोकरीचा कोट आणि त्या शहराच्या बेसबॉल टीमचं वेड. कोट केव्हाच विरला. टीमचं नाव सांगत नाही; ती अजून खेळते, आणि बहुतेक वेळा हरते.

"तुम्हा पुणेकरांना वाटतं जगात क्रिकेटच आहे," काका म्हणायचे. "बस बे इथं. हा बोलर टप्पाच टाकत नाही, बघ. जे काय करायचं ते हवेतच करतो."

त्या बोलरला पिचर म्हणतात. टीमचे पाच मुख्य पिचर असतात, पाळीपाळीने येतात. म्हणजे एकेकाची पाळी पाचव्या दिवशी. काकांनी पाचांनाही नावं ठेवली होती. उंच तो लंबू. दाढीवाला तो गोसावी. आणि एक डावखुरा होता, वयानं थोराड, हळू फेकणारा — तो सुतार. कारण तो जोर लावायचाच नाही. रंधा मारावा तसा बॉलचा एकेक पदर काढत जायचा. त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं तेव्हा वर्षभर काका त्याच्या परतण्याची वाट बघत होते. "हा परत आला ना, सतीश, तर आपण जिंकू बघ." आपण! पिनरमध्ये बसून आपण.

पुढे काकांच्या डोळ्यांत मधोमध धूसर डाग बसला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. तुमच्याकडे नीट बघायचं म्हणजे त्यांना तोंड दुसरीकडे वळवावं लागायचं. स्क्रीनवरचं काही दिसेना. मॅच तिकडे व्हायच्या तेव्हा आपण इकडे झोपलेलो असतो; म्हणून काकू सकाळी चहाबरोबर कम्प्युटरवरून त्यांना सगळा खेळ वाचून दाखवायच्या, आणि काका तो मोठ्या ड्रॉइंगच्या वहीत जाड काळ्या मार्करनं उतरवून घ्यायचे. प्रत्येक बॅटरला एक चौकट. पिचरनं चकवून आउट केलं की तिथे इंग्रजी के. आणि बॅट न हलवता, नुसता उभा राहून आउट झाला, तर तोच के उलटा. उलटा के काकांना फार आवडायचा. तो काढताना ते जरा थांबायचे — रांगोळीत शेवटचा ठिपका ठेवताना थांबतात तसे.

काकू गेल्या. तेराव्याला सगळे पांगल्यावर काकांनी मला विचारलं, "सतीश, तुला ट्रेनमध्ये काय काम असतं रे?"

काही काम नसायचं. मग रोज सकाळी मेडनहेड सुटलं की मी फोन लावायचा आणि लंडनचं पॅडिंग्टन येईपर्यंत त्यांना खेळ सांगायचा. आदल्या रात्रीचा खेळ मी घरी दाढी करता करता पाहून घ्यायचो. दोन वर्षं मी हे अगदी नीट केलं. शब्दशः. हे सांगतोय ते बचाव म्हणून नाही. उलट — नीट करता येत होतं, एवढंच.

तिसऱ्या वर्षी सुतार परत आला. एप्रिल, मे, काका नुसते तरंगत होते. आणि जूनमधल्या एका सकाळी मी मोबाइलवर बघितलं: नवापैकी तिसऱ्याच डावात सुतारानं कोपर धरलं, मान खाली घातली, आणि चालत मैदानाबाहेर गेला. सीझन संपला त्याचा. कदाचित कायमचाच.

फोन लावायलाच त्या दिवशी उशीर झाला होता, स्लाउ स्टेशन मागे पडल्यावर लावला. काकांनी पहिल्या रिंगला उचलला. "सुतार?"

आणि मी म्हणालो, "मस्त टाकला, काका. सात डाव."

तुम्हाला वाटेल दया आली म्हणून म्हणालो. मीही पुष्कळ दिवस स्वतःला तेच सांगत आलो. पण दया नव्हती हो ती. वाईट बातमीला वेळ लागतो — ते विचारणार, गप्प होणार, मी समजूत घालणार. गाडी दहा मिनिटांत पॅडिंग्टनला लागणार होती आणि नऊ वाजता माझी मीटिंग होती. चांगली बातमी लवकर संपते. बस. इतकंच होतं ते.

पण पाच दिवसांनी सुताराची पाळी परत येणार — हे मी विसरलो होतो.

मग ती आली. मग पुन्हा आली. आणि हे कसं सांगू — मला ते आवडायला लागलं. मी खेळ बघणंच सोडून दिलं. मेडनहेड सुटलं की लगेच थेम्सवरचा पूल लागतो. खाली नदी कधी दिसायची, कधी नुसतं धुकं. मी डोळे मिटायचो आणि त्या धुक्यात मैदान मांडायचो. कापलेल्या गवताचा वास. तळ्यावरून येणारा वारा. सुतार टोपी सारखी करतोय, बॉल हातात फिरवून बघतोय, लाकडाची गाठ शोधावी तसा. "आता?" पलीकडून काका कुजबुजायचे. मी म्हणायचो, थांबा. टॅपलो स्टेशन जायचं, बर्नहॅम जायचं, आणि मी त्या माणसाला तिथे हात वर करून उभा ठेवायचो. मग बॉल निघायचा — हळू, इतका हळू की बॅटरला झोपेत आल्यासारखा दिसावा — आणि शेवटच्या क्षणी आत वळायचा. "उलटा के," मी म्हणायचो. काकांच्या मार्करची करकर मला ऐकू यायची.

आयुष्यात मी इतकं सुंदर कधी बोललो नाही. ऑफिसात मला कुणी दोन वाक्यांचा माणूस म्हणून ओळखत नाही, एका वाक्याचा म्हणतात. आणि तिकडे एक म्हातारा माझ्या शब्दांवर श्वास धरून बसायचा. सांगा, सोडवलं असतं तुम्हाला?

खरी टीम ऑगस्टपर्यंत तळाला गेली. माझी टीम जिंकत राहिली. या देशात काकांना खरं सांगणार कोण? पेपरात येत नाही, शेजारपाजारी कुणी बघत नाही. मधुरा, त्यांची मुलगी, कार्डिफला युनिव्हर्सिटीत शिकवायची. महिन्यातून एकदा यायची आणि बेसबॉलचं नाव काढलं की किचनमध्ये पळायची. मी ठरवलं होतं — हो, चक्क ठरवलं होतं — की फायनलपर्यंत न्यायचं आणि तिथे सन्मानानं हरवायचं. मग सगळं मिटेल.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी मी पिनरला गेलो. मधुरा आलेली होती, वेल्श केक घेऊन. वही टेबलावर उघडी. काका तिला सांगत होते, "मधू, दोनच मॅच. दोन जिंकल्या की झालं. पन्नास वर्षं थांबलोय गं मी."

मधुराला त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे. ती उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली, गळ्यात हात घातला. म्हणाली, "लेट्स वॉच इट टुगेदर, बाबा. मी इकडेच राहते. कुठला चॅनल आहे ते बघते." आणि तिनं फोन काढला.

प्रेमानं काढला हो. संशय घेऊन नाही.

ती वाचत गेली. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुझा टीम लास्ट आलाय. सीझन संपला. आणि हा तुझा सुतार — हा जूनपासून खेळलाच नाहीये."

"काहीतरीच काय," काका हसले. "या सतीशला विचार."

दोघं माझ्याकडे वळली. म्हणजे मधुरा माझ्याकडे वळली. काकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं — मला नीट बघायला.

आता ते वाक्य. मी चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणालो, "काका, तुम्ही म्हणताय ते आधीच्या कुठल्यातरी सीझनचं असेल. तुमची जरा सरमिसळ होतेय."

अगदी मऊ आवाजात म्हणालो. काळजीनं म्हणावं तसं.

ते तसेच खिडकीकडे तोंड करून राहिले. मग म्हणाले, "असेल. असेल बाबा. वय झालं."

मधुरानं वही ओढून घेतली आणि पानं उलटायला लागली. पानंच्या पानं. कधीच न झालेल्या मॅच, तारखांसकट, तिच्या वडिलांच्या अक्षरात. तिचे डोळे भरले ते मला दिसलं. मी केक खाल्ला.

त्यापूर्वी काकांचा एकदा गॅस चालू राहिला होता. गोळ्यांची एकदा अदलाबदल झाली होती. हे मी कितीतरी वेळा घोकलंय — नाहीतरी झालंच असतं म्हणून. पण मधुरा त्यांना मेमरी क्लिनिकमध्ये स्मरणशक्ती तपासायला घेऊन गेली, तेव्हा त्यांनी वार, महिना, सगळं बरोबर सांगितलं. हे मधुरानंच मला सांगितलं. मग तिथल्या डॉक्टरनी विचारलं, घरच्यांना काय जाणवतंय? आणि तिनं ती वही टेबलावर ठेवली.

काका शेजारीच बसले होते. 'हे मला फोनवर कुणीतरी सांगायचं' असं ते म्हणाले नाहीत. का नाही म्हणाले? खरंच आपलं डोकं गेलं असं वाटलं त्यांना? की मला पाठीशी घातलं? यातलं बरं कुठलं, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

पिनरचं घर बंद झालं. काका कार्डिफला गेले, मधुराकडे मागच्या खोलीत. तिनं जिवापाड केलं. गॅसला लॉक लावलं. एकट्यानं फिरायला जायचं नाही म्हणून दाराला घंटी लावली. कुणी काकांना काही विचारलं तर उत्तर ती द्यायची. मार्कर त्यांनी पुन्हा हातात धरला नाही. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी सवयीनं फोन केला होता, तेव्हाच म्हणाले होते, "राहू दे रे आता. मला नीट आठवत नाही."

कार्डिफला मी एकदाच गेलो. पाऊस भुरभुरत होता, मधुरा आत चहा करत होती. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि विचारलं, "सुतार कसा आहे?"

"खेळत नाही तो, काका. रिटायर झाला."

"हं." मग, त्याहून हळू आवाजात — "आणि तेव्हा?"

कपांचा आवाज येत होता. एका शब्दाचं काम होतं. नाही, म्हणायचं — नाही काका, तेव्हाही खेळत नव्हता, मी खोटं बोललो. मी नुसता बसून राहिलो. बॉल माझ्या समोरून गेला.

मधुरा ट्रे घेऊन आली. काका म्हणाले, "चहा घे, सतीश. गार होईल." माझी सुटकासुद्धा त्यांनीच केली. त्या हिवाळ्यात ते गेले.

मी हे कधीच लिहिलं नसतं. पण गेल्या आठवड्यात मधुराचा फोन आला. ती पन्नाशीला आलीय. बॅग बसमध्ये विसरली. क्लासमध्ये एका कलीगचं नाव आठवेना. रडत नव्हती, घाबरलेला माणूस जास्त नीट बोलतो, तशी बोलत होती. "बाबाला पण असंच स्टार्ट झालेला ना? तू तर रोज बोलायचास त्याच्याशी. तुला पहिल्यांदा कधी कळलं?"

मी म्हणालो, "असं काही नसतं गं. एकदा चेक करून घे."

ती म्हणाली, "हो, गुरुवारी जातेय. ती वही पण नेते बरोबर. फॅमिली हिस्टरी विचारतात."

आज रविवार आहे. मधुराला मी एक वाक्य देणं लागतो: तुझे बाबा काहीही विसरले नव्हते, त्या वहीतला खेळ मी रचून सांगितला होता. आणि काकांना एका प्रश्नाचं उत्तर. दोन्ही मी अजून दिलेली नाहीत.