जित्या माणसांची घागर

नांदुऱ्याच्या स्टेशनावर बाबांनी मला पोरं सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या बाईंच्या हवाली केलं, तेव्हा माझ्या अंगात नवा फ्रॉक होता आणि तो काखेत काचत होता. आई टीबीच्या दवाखान्यात, दादा मामाकडे, आणि कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर राबून मला सांभाळणं बाबांना जमेना. आमच्याकडे पोरं शिकायला वसतिगृहात ठेवतात आणि सणाला घरी आणतात. बाबांना हेही तसंच वाटलं. "दिवाळीले नेतो तुले," ते म्हणाले. मी नऊ वर्षांची होते. गाडीत रडायचं नाही, एवढं कळत होतं.

दिवाळीच्या आधीच मी डेन्मार्कला पोचले होते. किर्स्टन आणि तिच्या नवऱ्याने मला दत्तक घेतलं आणि जीव लावून वाढवलं, हे आधी लिहून टाकते, कारण आमच्यासारख्यांनी तोंड उघडलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात. मुलीचे आईबाप वारलेत, असं संस्थेने त्यांना सांगितलेलं होतं. मला त्यांची भाषा येत नव्हती. किर्स्टनने कागदावर दोन माणसं काढली, त्यांचे डोळे मिटलेले दाखवले आणि मला कुशीत घेतलं. मला समजलं.

मग आपल्या घरी मेलेल्या माणसांचं जे करतात ते मी केलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरायची, वर आंबा ठेवायचा, निखाऱ्यावर घास सोडायचा. त्या देशात तिथी कुठून कळणार? अंगणातल्या सफरचंदाला फुलं आली की आखाजी, असं मी ठरवून टाकलं. किर्स्टनला घागर मिळाली नाही, तिने दोन कुंड्या आणल्या. कुंडीला खाली भोक असतं, ते तिने मेणाने बुजवून दिलं. आंब्याऐवजी नासपती. एक कुंडी आईची, एक बाबांची. मी नर्स झाले, लग्न झालं, मुलगी झाली, तरी त्या दोन कुंड्या चुकल्या नाहीत. एरवी सगळं डॅनिशमध्ये चालायचं, पण त्या दिवशी दोघांशी मराठीतच बोलायचे. पुढे ऑनलाइन शिकवणी लावली आणि हरवलेले शब्द एकेक करून परत आणले.

आमच्या वॉर्डात मेटे नावाची नर्स आहे. ती कोरियातून दत्तक आलेली. तिच्यासारख्या बऱ्याच कोरियन लोकांनी आपापल्या प्रकरणांची सरकारी चौकशी मागितली होती, कारण अनाथ म्हणून धाडलेल्या कित्येकांचे आईबाप जिवंत निघाले होते. एकदा कॉफी पिताना तिने विचारलं, तुझे गेले हे तुला सांगितलं कुणी? मला किर्स्टनचं ते चित्र आठवलं. ज्याने त्यांना जाताना पाहिलं असेल, असं कुणीच मला भेटलं नव्हतं. गावाचं नाव मला पाठ होतं. खामगावहून एसटीने तासाभराचा रस्ता. दादा मामाकडेच वाढला असेल आणि तिथे आपलं कुणी उरलं नसेल, असं समजून मी इतकी वर्षं गेले नव्हते, याचा मला अजून संताप येतो.

शेवटी मी गावी गेले, तेव्हा आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिने आधी माझा हात घट्ट धरला, मग दादाला हाक मारली आणि मग रडली. बाबा वारले होते. त्यांचं दादाकडून कळलं. ते दिवाळीला मला न्यायला आले होते. पोरगी परदेशी शिकायला गेली, मोठी झाली की येईल, असं सांगून त्यांना परत पाठवलं. संस्था बंद पडेपर्यंत ते दर दिवाळीला विचारायला जायचे. शेवटी भावकीने आईला सांगून पाहिलं, की पोरगी गेली असं समज आणि आखाजीला तिचीही घागर भर. आईने ऐकलं नाही.

"जित्या पोरीची घागर कोन भरते बाप्पा?" ती मला म्हणाली.

तेव्हा मी तिला माझ्या कुंड्यांचं सांगितलं. दादाने मान खाली घातली. आई मात्र चक्क हसली. "मंग त्यानंच माहं आयुष्य वाढलं, पोरी."

मला चौकशी हवी होती. मी अनाथ नव्हते, एवढं सरकारने तपासून सांगावं, बाकी काही नको. पण आईच्या जबाबाशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता आणि आई घाबरली होती. साहेब विचारतील पोर काऊन देली, आणि बाबांवर पोर विकल्याचा आळ येईल, तोही ते नसताना. दादा म्हणाला, झालं गेलं जाऊ दे. तिचा चेहरा बघून मीही विषय सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात तयार.

बुलढाण्याच्या सरकारी ऑफिसात साहेब चांगला होता. त्याने आईला खुर्ची दिली आणि विचारलं, मुलगी परदेशी पाठवताना तुमची संमती घेतली होती का?

आईने पदर सारखा केला. "मी मेली नोती, साहेब. दवाखान्यात होती, मंग घरीच होती. कोनी इचाराले आलंच नाई."

त्याने ते तसंच लिहून घेतलं.

चौकशी सुरू आहे, असं सांगतात. उत्तर अजून आलेलं नाही. माझ्यासारखे जे गेले आणि दादासारखे जे मागे राहिले, त्यांना एवढंच सांगते, की एकदा जाऊन दार वाजवा. माझी मुलगी विचारते, तुझं घर नक्की कुठलं? किर्स्टनचं घर माझंच आहे, ते मी कुणाला हिरावू देणार नाही. पण मला घरी न्यायचं एका माणसाने कबूल केलं होतं, आणि ते घर अजून उघडं आहे.

यंदा सफरचंदाला फुलं आली, तेव्हा आईच्या कुंडीतलं मेण मी सुरीने कोरून काढलं, तिच्यात माती भरली आणि धने पेरले. बाबांची कुंडी मात्र पाण्याने भरली, वर दुकानातून आणलेला आंबा ठेवला आणि त्यांना सांगितलं, "बाबा, दिवाळीले मीच येऊन राह्यली. तुम्ही आता न्याले येऊ नका."