गिरिजाबाईंची लवंगफुलं

अंबडच्या मोंढ्यामागच्या त्या गल्लीत अकलेचा दुष्काळ आहे, याबद्दल गिरिजाबाईंना तिळमात्र शंका नव्हती. पोटं सुटलेले पुरुष, उंबऱ्यात बसून जगाची उणीदुणी काढणाऱ्या बायका, आणि बाग म्हणजे काय, तर डालड्याच्या डब्यात खुपसलेला झेंडू! बाई कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. पसंत पडावा असा पुरुष अख्ख्या जिल्ह्यात निघाला नाही, असं त्याच सांगत.

शाळेच्या शेवटच्या सहलीत त्यांनी महाबळेश्वरहून डायंथसची रोपं आणली. बुटकी, निळसर पानांची झाडं, झालरीच्या कडांची गुलाबी फुलं आणि वास थेट लवंगेचा. गल्लीनं लगेच त्यांचं नाव लवंगफुलं करून टाकलं. बाईंनी नाक मुरडलं.

पहिली रोपं त्यांनी काळ्या मातीत, शेणखत घालून लावली. ती सडली. मग बाईंनी माती उपसून चुनखडीचा मुरूम भरला, भर उन्हात उंच वाफा केला, उरलेली रोपं त्यात लावली आणि पाण्याला हात आखडता घेतला. झाडांनी एक उन्हाळा काढला. तालुक्याचा शेती अधिकारीसुद्धा म्हणाला होता, ही हिवाळी फुलं, होळीला उपटून टाका. ‘‘गाढव आहे,’’ बाई म्हणाल्या. ही झाडं वर्षानुवर्षं जगतात, दुसराही उन्हाळा काढून दाखवीन, असं त्यांनी चारचौघांत ठणकावलं. त्यानंतर त्यांचा सगळा जीव त्या वाफ्यात अडकला.

शेजारची चतुराबाई कुंपणाशी येऊन उभी राही. ‘‘देवाला चालतंय का हो बाई हे फूल?’’

‘‘नाही.’’

‘‘गजऱ्यात ववता येत न्हाई, औषदाला न्हाई. मंग उपेग काय याचा?’’

‘‘बघायला. पण त्यासाठी नजर असावी लागते, ती बाजारात मिळत नाही.’’

चतुराबाई हसून घरात जाई. अपमान झालेला हिला कळतसुद्धा नाही, या विचारानं बाई आणखीच चिडत.

वैशाखात बाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला औरंगाबादला जावं लागलं. निघताना त्यांनी चतुराबाईला बजावलं, ‘‘वाफ्याला पाणी घालायचं नाही.’’

‘‘आता गं माय! वैशाख हाय बाई. का बरं न्हाई घालायचं?’’

‘‘ते तुम्हाला कळायचं नाही.’’ आणि बाई एसटीत बसल्या.

चतुराबाई दर वैशाखात दारात रांजण भरून ठेवणारी. तहानलेल्याला पाणी म्हणजे पुण्य, मग तो वाटसरू असो की झाड. ऊन रणरणत होतं, मुरूम तापला होता. तिच्यानं बघवेना. सकाळ-संध्याकाळ ती हंडा घेऊन जाई आणि वाफा तुडुंब करी.

काळा चष्मा लावून बाई परतल्या, तेव्हा झाडं लोळागोळा झाली होती. त्यांनी एक उचललं, ते मुळाशिवाय हातात आलं. बुडाशी नुसता काळा चिखल होता.

‘‘रोज घातलं हो,’’ चतुराबाई रडकुंडीला आली. ‘‘बिलकुल खाडा केला न्हाई.’’

बाईंनी तोंडात येईल ते ऐकवलं. अडाणी, मूर्ख, जनावराची जात. मग दार लावून घेतलं. उद्यापासून हीच गल्ली हसणार, होळीलाच उपटायला सांगितलं होतं म्हणणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

दिवस मावळताना कडी वाजली. दारात चतुराबाई, मागं गल्लीतल्या दोघीतिघी. हातात झाकलेलं ताट. पिठलं आणि भाकरी.

बाई बघतच राहिल्या. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे नेतात तो कडू घास! झाडांसाठी! एवढा खुळेपणा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

‘‘अहो, झाडं होती ती,’’ त्या फिस्कारल्या. ‘‘माणूस गेलंय का कुणी?’’

‘‘झाडंच हो,’’ चतुराबाई खाली बघत म्हणाली. ‘‘पर बाई, तुमाला दुसरं व्हतं कोण?’’

गिरिजाबाई दारातून बाजूला झाल्या आणि बायका आत आल्या.