न मागितलेलं पत्र

माझ्या बायकोच्या उजव्या हाताची किंमत ठरवायला शिरूरच्या लोकअदालतीत अर्धा तासही लागला नाही. त्यातला बराच वेळ फाइल शोधण्यात गेला.

निमोण्यात आम्ही सहा गाई सांभाळतो. म्हणजे ती सांभाळायची. दोन्ही वेळच्या धारा, शेण, वैरण, सगळं तिच्याकडं. मी किटल्या मोटारसायकलला अडकवून डेअरीत दूध घालायचो आणि टपरीवर चहाला बसायचो. डेअरीचं खातं माझ्या नावावर, गावात सगळ्यांचीच खाती पुरुषांच्या नावावर. एका वर्षी सगळ्यात जास्त दूध घातलं म्हणून डेअरीनं मला फेटा बांधला. ती मागं बायकांच्यात बसून टाळ्या वाजवत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका सकाळी ती रस्त्याच्या कडेनं वैरण घेऊन येत असताना मागून कारनं उडवलं. कोपराचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली, तरी बोटं मिटेनात. धार राहू द्या, चमचाही धरता येईना.

आमच्या वकिलांनी समजावलं, भरपाई काढताना वय बघतात, अपंगत्वाचा टक्का बघतात आणि कमाई बघतात. वय आणि टक्का कागदावर होता. कमाईचा पुरावा नसेल तर कारची विमा कंपनी घरकामाचा किरकोळ आकडा धरून मोकळी होणार होती.

दौंडहून मेव्हणा आला होता. तो म्हणाला, "दाजी, डेअरीच्या सेक्रेटरीकडनं पत्र घ्या. दूध ताईच काढती, आख्ख्या गावाला ठावं हाय."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. खरं सांगतो, लाज वाटली. डेअरीची निवडणूक तोंडावर आलेली, मी उभा होतो. फेटा माझ्या डोक्यावर आणि कष्ट बायकोचे, हे सही-शिक्क्यानिशी लिहून मागायचं? टपरीवर लोकांनी माझी टर उडवली असती. वकिलांना मी सांगितलं, सेक्रेटरी पत्र देत नाहीत.

लोकअदालतीत कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "बाई काय करतात?"

आमचे वकील माझ्याकडं बघायला लागले. ती शेजारीच होती.

"घरीच असते," मी म्हणालो.

त्यांनी आकडा सांगितला. इथं तडजोड झाली की पुढं अपील नाही, हे मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली. एरवी सही करणाऱ्या तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला.

आता धारेला गडी ठेवलाय. वर्षभरात भरपाई त्याच्या पगारात आणि औषधांत संपली. निवडणूकही मी हरलोच.

परवा ती कपाट आवरत होती. तडजोडीचा कागद हाती लागला, तसा तिनं उभ्या उभ्या वाचला. गृहिणी, उत्पन्न नाही.

"सेक्रेटरींनी पत्र दिलं न्हाई म्हणं," ती म्हणाली.

"न्हाई दिलं."

तिनं एका हातानं कागदाची घडी घातली. तिला जरा वेळ लागला.

"मी दवाखान्यात व्हते तवाच ते येऊन सांगून गेले व्हते, पत्र कवाबी न्या म्हणून. त्या दिवशी कोर्टात मी तुमच्या तोंडाकडंच बघत व्हते."