तेल पिणारी सवत

मला एक सवत होती. लोखंडाची, हिरव्या रंगाची, विहिरीच्या काठी सिमेंटच्या ओट्यावर बसवलेली. पाणी उपसायचं डिझेल इंजिन. लग्न होऊन मी कोल्हारजवळच्या या मळ्यात आले, त्याच्या आधीपासून ती इथं होती. म्हणजे मानानंही थोरली तीच.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमारास डिझेल मिळेनासं झालं. उभा ऊस डोळ्यांदेखत वाळायला लागला, आणि मालकांची नजर माझ्या तेलाच्या डब्यावर गेली. माझे वडील जामखेडकडचे. त्यांनी घरची करडई घाण्यावर नेऊन, लेकीला वर्षभराच्या फोडणीला म्हणून तो डबा पाठवला होता.

"डिझेलच्या जागी हे चालतंय म्हनं," मालक म्हणाले.

"मंग मी फोडनी कशाची देऊ?"

"ऊस वाळला तर फोडनी कशाला देशील?"

डबा गेला.

करडईचं तेल दाट. म्हणून मालक ते माझ्याच चुलीवर कोमट करायचे, माझ्याच मऊ लुगड्याच्या फडक्यातून गाळायचे. आधी थोड्या डिझेलवर इंजिन सुरू करायचं, ते तापलं की तेल पाजायचं. मळाभर भजी तळल्याचा वास सुटायचा आणि आमच्या ताटात कोरडी भाकरी नि मिरची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. इंजिन जरा ठसकलं तरी मालक हातातला घास टाकून धावत सुटायचे. मी चार दिवस खोकून बेजार झाले, तेव्हा म्हणाले, "पानी पी."

ऊस वाचला, हे खरं. तो तिच्यामुळं वाचला, हेही मालक येईल-जाईल त्याला सांगत राहिले. तेल कुणाच्या माहेरचं, हे कुणालाच सांगितलं नाही.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. मालकांनी इंजिन पुसून लख्ख केलं, झेंडूची माळ घातली आणि मला हाक मारली.

"हळद-कुंकू तू लाव."

सवतीला हळद-कुंकू, तेही माझ्या हातानं! करंडा घेऊन मी तिच्याभोवती फिरले. मुद्दामच विचारलं, "हिचं कपाळ कुठंशी हाय?"

मालकांना विचारसुद्धा करावा लागला नाही. टाकीच्या खालच्या बोटभर जागेवर त्यांनी अलगद अंगठा टेकवला.

"हितं."

मी कुंकू लावलं. मग तळव्यानं स्वतःचं कपाळ झाकलं.

"आता सांगा, माझ्या कपाळावर काय गोंदलंय?"

मालक झेंडूची माळ सारखी करत राहिले.