गाडीला झोप लागेना

माझ्या थोरल्या साडूंइतका काळजी करणारा माणूस या पृथ्वीतलावर दुसरा झालेला नाही, आणि झाला असता तर पृथ्वीला क्षणभरही डोळा मिटता आला नसता. साडूभाऊ हयातभर कल्याणच्या एका शाळेत पर्यवेक्षक होते. वर्गावर्गातून डोकावत फिरण्याचे ते काम वयोमानाने सुटले, पण डोकावणे काही सुटले नाही. शहाडच्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात दही कधी घट्ट लागलेले मी पाहिले नाही. विरजण लावले की हे तासातासाने झाकण काढणार, भांडे जरा हलवणार आणि विचारणार, "लागतंय ना?" कुंडीत मेथी पेरली की दुसऱ्याच दिवशी बोटाने माती उकरून बघणार. आणि रोज उजाडायच्या आत ठाण्याला आमच्या घरी फोन करणार. पहिले वाक्य ठरलेले, "झोपमोड नाही ना केली?" केली म्हटले तरी बिघडत नसे. "बरं झालं. आता उठलाच आहात तर सांगा, झोप कशी लागली?" अशा माणसाचा खरे तर राग यायला हवा. मला येतो तो अचंबा. एकाच माणसाला एवढ्या सगळ्यांची एवढी आठवण राहते तरी कशी, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्यांची पत्नी म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई. ताईंच्या हृदयाचे ऑपरेशन झाले आणि साडूभाऊंच्या काळजीला खरे मैदान मिळाले. दवाखान्यात ताईंचा जरा डोळा लागला की हे वाकून अगदी हळू विचारत, "अगं, झोप लागली का?" ताई डोळे उघडून म्हणत, "लागली होती." यांना हायसे वाटे. शेवटी तिथल्या सिस्टरने यांची खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली, तर हे दाराच्या काचेवर टकटक करून खुणेने तेच विचारू लागले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, भरपूर विश्रांती, धक्के बसू द्यायचे नाहीत आणि तपासणीला ठाण्याला येत राहायचे. यातले विश्रांतीचे काय झाले ते पुढे येईलच. धक्क्यांचे मात्र साडूभाऊंनी इतके मनावर घेतले की जुनी गाडी विकून त्यांनी नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी घेतली. आवाज नाही, गिअरचा हिसका नाही. "पाण्यावरून होडी जावी तशी जाते," ते सगळ्यांना सांगत. ज्या वयात लोक नवा रिमोट हातात घ्यायला घाबरतात, त्या वयात हा गृहस्थ बायकोला धक्का लागू नये म्हणून आख्खी नवी विद्या शिकला. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो.

गाडी उभी असे ताईंच्या खिडकीसमोरच. तिची चावी साडूभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात, आणि रात्री त्याच खिडकीच्या खिळ्याला. ते गाडीजवळ गेले की ती दिवे लुकलुकवी आणि मिटलेले आरसे कान टवकारावेत तसे उघडी. "बघा, ओळखते मला," ते म्हणत. मग काय, दर तासाला फेरी. कुणी पाहुणा आला की त्याला घेऊन फेरी, नसला की एकट्याने. दार उघडून आत बसायचे, स्टिअरिंगशेजारच्या पडद्यावर बॅटरी किती आहे ते वाचायचे, समाधानाने मान डोलवायची आणि उतरायचे.

एके दिवशी पडद्यावर सूचना आली की गाडीचे सॉफ्टवेअर अपडेट करायचे आहे. साडूभाऊंच्या लेखी ते तान्ह्या मुलाला लस टोचण्यासारखे होते. त्यांनी बरा दिवस पाहिला, मला ठाण्याहून बोलावून घेतले, शेजाऱ्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून सांगून आले आणि पडद्यावरचा होकार दाबला. पडद्याने साफ नकार दिला. कमी व्होल्टेजच्या बॅटरीत पुरेसा चार्ज नाही, म्हणे. "पुरेसा नाही? अहो, शंभर टक्के भरलीय!" साडूभाऊ पडद्यावर ओरडले. कंपनीला फोन केल्यावर कळले की गाडीत चाके फिरवणारी मोठी बॅटरी असतेच, पण एक लहानही असते. कुलपे, दिवे, पडदा, सगळे त्या लहानीच्या जिवावर. ती दमली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. साडूभाऊंनी फोन हळूच खाली ठेवला. "म्हणजे घरातलं सगळं करणारी वेगळीच," ते म्हणाले, "आणि आपण विचारपूस करतोय भलत्याचीच." त्या दिवसापासून त्यांनी लहान बॅटरीची विचारपूस सुरू केली. फेऱ्या दुप्पट झाल्या. अपडेट काही होईना.

आणि नेमक्या ताईंच्या तपासणीच्या सकाळी गाडीने दारच उघडले नाही. दिवे नाहीत, आरसे नाहीत, ओळख नाही. ताई पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर फाइल घेऊन बसल्या होत्या. मी आणि माझी बायको सोबतीला आलो होतो. साडूभाऊ गाडीच्या काचेला कपाळ टेकून "अगं, काय होतंय तुला?" असे विचारत होते, तेव्हा मला हसू आले नाही. भाड्याची गाडी करून निघालो. वाटेत खड्डा आला की धक्का ताईंना बसे आणि "आई गं" साडूभाऊ म्हणत. ठाण्यात डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "झोप होत नाही का यांची? हे असं चालायचं नाही. नाहीतर पुन्हा ॲडमिट करावं लागेल." ताईंनी नुसते नवऱ्याकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली.

संध्याकाळी शहाडला परत आलो तेव्हा कंपनीचा माणूस आला होता. त्याने लहान बॅटरीला बाहेरून चार्ज देऊन गाडी जिवंत केली आणि बुचकळ्यात पडल्यासारखा म्हणाला, "काका, गाडी झोपतच नाहीये. बंद करून ठेवली की ती झोपायला पायजे. हिला कोणतरी सारखं जागं करतंय."

"मी सांगते कोण ते," खिडकीतून ताईंचा आवाज आला. "पडल्या पडल्या सगळं दिसतं मला. हे चावी घेऊन जवळ गेले की ती दचकून उठते. परत आले की खिळ्याला चावी, म्हणजे तिच्या उशाशीच. अहो, जरा डोळा लागला की तुम्ही विचारता, लागला का. तिलाही तुम्ही तेच करताय."

कंपनीच्या माणसाने मान हलवली. "बरोबर बोलतात काकी. चावी लांब ठेवा."

साडूभाऊ मटकन त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. त्यांनी खिशातली चावी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुम्हीच ठेवा कुठंतरी. मला सांगू नका." मी ती आतल्या खोलीत पार पलीकडच्या कपाटात ठेवली. पुढे रोज ताई त्यांना ती काढून देत, ते लहान बॅटरी भरावी म्हणून गाडी टिटवाळ्यापर्यंत फिरवून आणत आणि चावी परत करत. आठवड्याभरात अपडेट झाले. तेवढा वेळ साडूभाऊ फाटकाशी गाडीकडे पाठ करून बसले होते. एकदाही वळून बघितले नाही. मी अनेक धीराची माणसे पाहिली आहेत, पण त्या पाठीइतका धीर कुणाचा पाहिलेला नाही.

परवा आम्ही पुन्हा शहाडला गेलो. जेवणात दही होते, सुरीने कापावे इतके घट्ट. ताईंचा रक्तदाब ताळ्यावर आला आहे. आमचा सकाळचा फोनही बंद झाला आहे, आणि खरे सांगायचे तर मी उजाडायच्या आत आपोआप जागा होतो आणि फोनकडे बघत पडतो. फार चुकल्यासारखे वाटते. दुपारी ताईंच्या खोलीत मी एकटाच बसलो होतो तेव्हा म्हटले, "आता छान झोप लागत असेल, नाही?"

"कसली लागते, भाऊजी," ताई हसल्या. "इतक्या वर्षांची सवय. नुसती डोळे मिटून पडते. हे दारापर्यंत येतात, जरा थांबतात, काही न बोलता परत जातात. ते येऊन गेले ना, की मग लागते."

बाहेर साडूभाऊंच्या चपला वाजल्या आणि दाराशी येऊन थांबल्या. ताईंनी मला गप्प राहायची खूण केली आणि डोळे मिटून घेतले.