पोटासकट पाठराखीण

माझ्या दैवशालाआत्यानं कित्येक वर्षं आमचं बोरी गाव सोडून, एक परभणीचा दवाखाना वगळता, कुठं प्रवास म्हणून केला नव्हता. कारण पोट. कळ आली की तिला तडक परसाकडं धावावं लागायचं, आणि कळेच्या आधी भीती यायची. गावाला जायचं ठरलं की ती आदल्या दिवसापासून जेवण बंद करायची आणि नुसता पोटाकडं कान लावून बसायची. मग ते हटकून गुरगुरायचं.

परभणीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आतड्याला कुठं जखम नव्हती. "म्हंजे मी सोंग करायलेय का?" आत्या भडकली. ते म्हणाले, "दुखणं खरंच आहे, बाई. पण भीतीनं ते वाढतं, आणि ते वाढलं की भीती वाढते. उपाशी राहू नका, घरात कोंडून घेऊ नका."

माझं लग्न ठरलं तेव्हा पाठराखीण म्हणून नवरीसोबत सासरी कोण जाणार, हा प्रश्न निघाला. आई गेल्यापासून मला आत्यानंच वाढवलेलं. मला तीच हवी होती. भुजंगकाका म्हणाले, "वाटंत काय झालं तर पाव्हण्यात नाक कापलं जाईल. दुसरी कुणी बघा." मला रडूच फुटलं.

आत्या ताडकन उठली. "नाक तुमचं, पोट माझं. रुपालीसंगं मीच जाणार. पोट येतंय तर येऊ द्या त्यालाबी!"

लग्नाच्या दिवशी ती पंगतीत बसून वरणभात जेवली. काका टकामका बघत होते, तर तिनं आणखी भात मागून घेतला.

जीपमध्ये सासूबाई, नणंदा आणि आम्ही दोघी. देवगाव फाटा जवळ आला तशी आत्याच्या कपाळावर घाम फुटला. ती मोठ्यानं म्हणाली, "गाडी थांबवा. मला परसाकडं जायचंय."

एक नणंद फिस्सकन हसली.

"हसा की. तुमी काय पोट घरी ठेवून आलात?"

जीप फाट्यावरच्या हॉटेलाशी थांबली. मी सकाळपासून लघवी दाबून बसले होते. नवरीनं असलं बोलायचं नसतं ना! आत्यामागं मीही शालू सावरत उतरले.

"तुला बी? आन् गप बसलीस व्हय?"

"भ्याव वाटलं, आत्या."

"भ्याव मला बी लय वाटायलंय. जा, आधी तू जा. मी दाराशी उभी हाय."

पोटावर हात दाबून ती तिथंच उभी राहिली. मी बाहेर येईपर्यंत तिनं दम धरला. आपल्याला तेवढंही जमणार नाही, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.